हृदयात बंद राहणारं बटण

आमच्या बाईंना सगळी संस्था हेकट म्हणायची. मी बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली उंदरांची खोली सांभाळली, तेव्हा सांगतो, होत्याच हेकट. आणि बरंच झालं.

स्नायूंतली जनुकं कशाने चालू होतात नि कशाने बंद, यात बाईंची हयात गेली. जनुक चालू-बंद करणाऱ्या तुकड्याला त्या सरळ ‘बटण’ म्हणायच्या. ज्या मुलांचे स्नायू झिजत जातात, त्यांच्या अंगात निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक पाठवायचं, आणि सोबत फक्त हातापायांच्या स्नायूंत चालू होणारं बटण, असा बेत होता. आमचे लुळे उंदीर जाळीला उलटे लटकून राहायला लागले, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

मग चाळिसांतले तीन मेले. “वयाने गेले असतील,” संचालक म्हणाले. बाईंनी तिन्ही हृदयं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बटण तिथेही चालू झालं होतं. हृदय हाही स्नायूच की!

पण पालकांची सभा ठरली होती. पुढच्या महिन्यात मुलांना पहिलं इंजेक्शन, आणि बाईंना तोंड उघडायची बंदी. एका बापाने विचारलं, “धोका काही?”

“नगण्य,” संचालक म्हणाले.

बाई मागच्या रांगेतून उठल्या. “तीन उंदीर हृदय सुजून मेलेत. चाचणीच्या कागदांवर मी सही केलेली नाही, करणारही नाही.”

तो बाप त्यांच्यावरच उखडला. “माझी पोरगी चौदा वर्षांची आहे. तिने काय, वाट बघत बसायचं?”

“हो,” बाई म्हणाल्या.

चाचणी थांबली. बाईंची प्रयोगशाळा गेली, जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. त्या लोकांचा मला अजून राग येतो. आम्ही दोघांनी तिथेच काम मांडलं. बटण थोडं कापायचं, उंदराला टोचायचं, हृदय बघायचं, पुन्हा कापायचं.

चार वर्षांनी तोच बाप दारात उभा. मुलगी गेली होती. श्वासाचे स्नायू थकले. हा आता हात उगारतो की काय, म्हणून मी मध्ये गेलो.

“झालं का बटण?” त्याने विचारलं.

“नाही अजून.” बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. “बसा.”

तो बसला नाही. “मग माझ्यात वेळ कशाला घालवता? कामाला लागा.”