सिस्टरची कमाई

"हे हात उद्या अल्लाला दाखवायचेत," असं म्हणत त्या नळाखाली कोपरापर्यंत हात घासायच्या. नायगावच्या आमच्या प्रसूतिगृहात त्या सिस्टर, मी बाहेर जन्मनोंदणीच्या खिडकीत. डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, बोली रत्नागिरीची. आत कुणी कळांनी ओरडलं की म्हणायच्या, "ओरड गो, मी हाय ना!"

रमजानातल्या एका संध्याकाळी त्यांचे सासरे आले. पांढरी दाढी, कडक आवाज. "घरात कमावते पुरुष आहेत. सुनेला नोकरीची गरज नाही. न्यायला आलोय."

रोजा सोडायला घेतलेला खजूर सिस्टरच्या हातात तसाच राहिला. "अब्बा, मग आपल्या बायकांची बाळंतपणं कुणी करायची? पुरुषांनी?"

ते काही बोलणार, तोच शिवडीची एक अडलेली पोर स्ट्रेचरवरून आली. बाळ पायाळू. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. खजूर माझ्या टेबलावर ठेवून सिस्टर आत धावल्या.

मशिदीतून बांग झाली. बाकावर पोरीची आई रडत होती. शेजारी बसलेल्या सिस्टरच्या सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमच्या देवाला सांगा." ते गोंधळले, मग त्यांनी दुवेसाठी हात पसरले.

बाळ आलं, पण रडेना. अर्ध्या उघड्या दारातून मला दिसत होतं: निळं पडलेलं बाळ, आणि त्याच्या तोंडावर रबरी फुगा एका लयीत दाबणाऱ्या सिस्टर. चेहऱ्यावर घाई नाही, भीती नाही. असं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मग बाळाने टाहो फोडला.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा ओठ सुकले होते. सासरे पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभे. "आधी रोजा सोड," ते म्हणाले. मग हळूच, "दमलीस. सावकाश ये घरी." आणि एकटेच निघून गेले.

पगार घरी द्यावा लागतो का, असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या. "आमच्यात बाईची कमाई बाईचीच. नवऱ्याचाही हक्क नाही. खुशीने दिली तर गोष्ट वेगळी."

निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांच्या गल्लीत टॅक्सी उभी राहिली. मी निरोपाला गेले होते. सासरे आता पार वाकलेले. कुणीतरी विचारलं, "चाचा, लेक हजला नेतोय?"

"लेक नाही, सून," म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिच्या पगारातून."

सिस्टर मात्र खाली बसून त्यांच्या चपलेचा पट्टा लावत होत्या, आणि ते लहान मुलासारखा पाय पुढे करून उभे होते.