पाहुण्यांपुढे मांडलेली घरटी

मालेगावच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. मादी नर कसा निवडते, हा धडा आला की पुस्तक वाचून दाखवते आणि मोकळी होते. पोरांना वाटतं, मॅडमना यातलं काही येत नाही. वाटू दे.

याच विषयापायी मी तीन पावसाळे घातले. मेडशीजवळ आमच्या शेतातल्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे, तिच्यावर सुगरण पक्ष्यांची वस्ती. घरटं नर विणतो. अर्धं झालं की थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, हिसके देऊन पाहते. पटलं तर राहते, नाही तर चालती होते. कोणतं घरटं पटतं आणि का, हे मला शोधायचं होतं. प्रत्येक घरट्याच्या डहाळीला मी नंबर रंगवलेला पत्रा बांधला होता. तिसरा हंगाम शेवटचा होता, त्यानंतर फेलोशिप संपणार होती. प्रबंध पुरा होईपर्यंत लग्न नाही, हे मी घरी कबूल करून घेतलं होतं. नुसतं पाहण्यात काय जातं, असं आईचं म्हणणं.

श्रावणात दोन दिवस गाइडना भेटायला अमरावतीला गेले. परतले तर घरी पाहुण्यांची तयारी. आमच्याकडे मुलगी दाखवताना तिच्या हातचं काम मांडतात: तोरणं, रुमाल, मण्यांचे गणपती. मला तर सुई धरता येत नाही. आईनं त्यावर तोड काढली होती. टेबलावर धुतलेली चादर आणि चादरीवर एकोणीस घरटी, पत्र्यांसकट.

"हे कुठून आणलं?"

"इहिरीवरून. सालदार गड्यानं काठीले इळा बांधून काढले, एकबी सोडलं नाही," आई खुशीत म्हणाली. "तीन साल झाले तू हेच करून राह्यली. मंग पाव्हण्यायले दाखवाव नाही काय?"

पत्रे तिनं राखेनं घासून लख्ख केले होते. नंबर पार निघून गेले होते. मला तिच्या अंगावर ओरडायचं होतं, पण तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं एक घरटं उचललं.

"हे समदे तुयाच हातचे काय वं?"

"नाही. नरानं विणलेत. मादी नुसती पाहते आणि नापसंत करते."

सगळे हसले, मुलगासुद्धा. आईनं मला डोळ्यांनी दटावलं आणि पोह्यांच्या बश्या पुढे केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेले. नर बोडक्या फांद्यांवर पुन्हा पहिल्या गाठी मारत होते. त्यांचं भागणार होतं, पाऊस अजून बाकी होता. नवी घरटी होऊन माद्या येईपर्यंत माझी मुदत मात्र संपणार होती. फोनवर गाइड म्हणाले, "एवढ्या नोंदींवर प्रबंध उभा राहणार नाही."

घरी आले तर निरोप आलेला. मुलगी हजरजबाबी आहे, पसंत आहे.

"मंग काय कळवू त्यायले?" आईनं विचारलं.

घरटी कापण्याआधी एवढंच विचारलं असतं तर! त्याचा राग आजही जात नाही. पण त्या सकाळी नाही म्हणायला माझ्याकडे कारणच उरलं नव्हतं.

"हो कळव," मी म्हटलं. आईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला.