जमा न झालेला दिवा

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणांची यादी होती: पगार, बढती, प्रवास, लग्न. माझं कारण त्यात नव्हतं. 'इतर' निवडलं आणि पुढचा रकाना कोरा सोडला. लिहायचाही कंटाळा आला होता.

प्रोजेक्ट बंद झाला तेव्हा मॅनेजर म्हणाली होती, "नवं काम मिळेपर्यंत लॉगिन करत राहा." मग तीच दुसऱ्या टीममध्ये गेली. काम घरूनच होतं; साकोलीच्या घरात रोज नऊला मी वेणीफणी करून कंपनीच्या लॅपटॉपपुढे बसायचे. तीन आठवड्यांत एकाही माणसाने माझी चौकशी केली नाही. मधे दोन दिवस मुद्दाम लॉगिनच केलं नाही. तेही कुणाच्या गावी नव्हतं. रागाचं सोडा, मला भीतीच वाटली.

"बसल्या जागी पगार भेटून राहिला, मंग सोडून कायले राहिली व?" बाबांनी विचारलं.

बाबांनी उभा जन्म चिखल्याच्या खाणीत काढला. एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्यांना दोनदा जास्त पगारावर बोलावलं, ते हलले नाहीत. खाणीत उतरताना प्रत्येकाला नंबराचा दिवा मिळे, वर आल्यावर तो जमा करायचा. एकदा अंगात ताप असताना बाबा दिवा कमरेला तसाच ठेवून क्वार्टरवर आले आणि झोपले. तिकडे एक दिवा कमी भरला, म्हणजे एक माणूस खालीच राहिला. चौघे पुन्हा खाली उतरले, दोघे धावत घरी आले. बाबांना खाटेवर बघून त्यातला एक दारातच मटकन बसला, मग त्याने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्या शिव्या बाबा अजून कौतुकाने सांगतात.

मी म्हटलं, "बाबा, मी वर नाई आली तरी तिथं कोनी दिवे मोजत नाई."

बाबांनी माझ्या लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाले, "देऊन टाक राजीनामा."

नोकरी सुटून आठवडा झाला असेल. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर बाबा माझा वाजणारा मोबाइल घेऊन लगबगीने आले.

"तुह्या कंपनीचा आहे. सकाळपासून चवथ्यांदा! मॅडम कुठी आहे म्हनून विचारून राहिले."

मी फोन घेतला. पलीकडच्या मुलीने एक नंबर वाचून दाखवला. या नंबराचा लॅपटॉप अजून जमा झालेला नाही, म्हणाली.

"काय म्हनत होते?" बाबा तिथेच उभे होते.

"कशी आहे, विचारत होते."

बाबांचा चेहरा खुलला. "पाह्य," ते म्हणाले, "उशिरा का होईना, मोजलं न तुले!"