मेंढ्यावरचा आळ

मी हरणी गावाच्या पुढे पोचलो तेव्हा मेंढा टेम्पोत चढवून झाला होता. निघाला होता मटणाच्या बाजारात. मालक जिवाभाई भरवाड टेम्पोला टेकून बिडी ओढत होते.

"वासण्याच्या डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली आणि सांगितलं, नर खराब आहे. निम्म्याहून जास्त मेंढ्या गाभणच राहिल्या नाहीत. यंदा कोकरं नाहीत तर खायचं काय? दुसरा नर कुठे मिळेल तेवढं सांगा, साहेब."

म्हणजे मला बोलावलं होतं ते पत्ता विचारायला.

वासण्याचे डॉक्टर माझे जुने बॉस. त्यांच्या जनावरांच्या क्लिनिकच्या खेड्यांतल्या सगळ्या व्हिजिट मी करायचो, नाव त्यांचं व्हायचं. मी बाहेर पडलो तेव्हा "त्याला अजून शिकायचंय" असं त्यांनी गावभर सांगितलं. मी ते विसरलेलो नाही.

"आधी उतरवा त्याला," मी म्हणालो.

"टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"चहा पाजा आणि परत पाठवा."

मेंढ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून गुलाबी हवी, ती पांढरीफटक होती. कळपातल्या माद्यांच्या पापण्याही तशाच. काहींच्या जबड्याखाली सूज लोंबत होती. रक्त फार कमी झालं की तिथे पाणी साचतं. लेंड्या रावपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात आणून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. जंतांची अंडीच अंडी. हा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. अशक्त मादी धड माजावर येत नाही. नराचा जोर जातो, वीर्यही कमजोर होतं. सगळा कळप आजारी आणि आळ एकट्या मेंढ्यावर.

दुसऱ्या दिवशी जिवाभाईंना हे सांगितलं.

"जंतांचं औषध तर दरवर्षी पाजतो."

"तेच जुनं? आणि पाजून कुठे नेता?"

"पटेलांच्या शेतात."

भरवाड मेंढपाळ शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, भरवाडाला धान्य. पटेलांचं हे शेत कॅनॉलला लागून, गवत कायम ओलं. लेंड्यांतली अंडी तिथे फुटायची, अळ्या गवतावर चढायच्या आणि सकाळी मेंढरं तेच गवत खायची. औषध एका हाताने, जंत दुसऱ्या हाताने.

"तिथे जाणं बंद," मी म्हणालो.

"पटेलांना ना कशी पाडू? बापाच्या वेळेपासून बसवतोय."

माझा आवाज चढला. "मग सगळा कळप विका आणि पटेलांच्या ओट्यावर चहा पीत बसा!"

"साहेब, तुम्ही दाक्तर की फोजदार?"

मीच पटेलांकडे गेलो. शिक्षणाचा खर्च मी दारोदार औषधं विकून काढला आहे; घासाघीस मला डॉक्टरकीच्या आधीपासून येते.

"काका, मेंढरं येतील, पण वरच्या नांगरलेल्या, कोरड्या तुकड्यात."

"खत मला खाली पाहिजे."

"मेलेली मेंढरं खत देत नाहीत."

"आणि खालचं गवत वाया घालवू?"

"मोठ्या म्हशींना चारा. मेंढीचा हा जंत त्यांच्यात सहसा टिकत नाही. गवतही साफ होईल."

पटेलांनी बोटांवर हिशेब केला. "गवत म्हशींना मिळतंय ना? मग बसवा वर."

जुनं औषध त्या जंतांना पचलं होतं. मी ते बदललं आणि अंदाजाने पाजण्याऐवजी वजनाप्रमाणे डोस दिला. मेंढ्याला दोनेक महिने कळपापासून दूर ठेवून खाऊ घातलं. मग पापण्यांत रंग आल्यावर परत सोडला.

पुढच्या हंगामात बहुतेक मेंढ्या व्यायल्या. मी बघायला गेलो तर जिवाभाई पाहुण्यांना सांगत होते, "वासण्याच्या डॉक्टरांचं टॉनिक दिलं होतं. हा त्याचा गुण."

"आणि मेंढा?" मी विचारलं.

"तो तर पहिल्यापासून चांगलाच होता, साहेब."

टॉनिकची लाल बाटली लांबूनही दिसते, जंताचं अंडं दिसत नाही. आता मी उपचाराच्या आधी मालकालाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावतो.