काढा म्हणजे औषध नाही म्हणे!

डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी आई किचनमध्ये चक्कर येऊन पडली. घामाने चिंब, हात थरथरत होते. रिक्षात घालून कामोठ्यातल्याच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. शुगर एकदम खाली आलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शुगरच्या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता?"

"नाही हो, काहीच नाही."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. शेवटी नर्स म्हणाली, "मावशी, सकाळी उठल्यावर काय पिता?"

"गुळवेलीचा काढा, ग्लासभर. पण ते औषध कुठंय? ते तर घरचंच!"

गुळवेलीनेही शुगर उतरू शकते आणि वर गोळी चालूच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ही गुळवेल आमच्या सोसायटीतले एक काका कंपाउंडवरून तोडून घरोघर वाटतात. "नॅचरल आहे, साइड इफेक्ट झिरो!" मी चिडून फोन केला, तर म्हणतात, "शुगर उतरली ना? मग गुण आलाच की!"

अहो काका, माझी आई फरशीवर आडवी पडली होती!

एवढी ताकद आहे ना त्या वेलीत? मग ती औषधासारखी विचारून, मोजून द्या ना. प्रसादासारखी काय वाटत सुटलाय?

आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त राग माझाच येतोय. तो काढा रोज मीच उकळून देत होते. डॉक्टर तीनदा विचारत होते, तेव्हा मी शेजारीच उभी होते. मलाही आठवला नाही.

तुमच्या घरी हा 'काहीच नाही'चा ग्लास कोण भरतं?