सिनेमावालीने निवडलेला सिनेमा

एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती तेवीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. तिथे सगळ्या तिला सिनेमावाली म्हणायच्या. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोन टोकं तिच्या हातात, दोन समोरच्या जोडीदारणीच्या. दोघींनी पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे सरायचं. दिवसाकाठी सहाशे चादरी. पाळी संपेपर्यंत खांदे भरून यायचे आणि पोटऱ्यांत गोळे उठायचे.

सुट्टी मंगळवारची. घरचं आवरून, नवऱ्याचं जेवण झाकून ठेवून ती दुपारच्या खेळाला जायची, एकटीच. आणि तेही फक्त विनोदी सिनेमाला. "रडायचं काय ते वॉर्डातून रोज खाली येतंच की," असं तिचं म्हणणं.

बुधवारी घड्या घालता घालता तिची मतं सुरू व्हायची. "एका फोनने मिटलं असतं सगळं. एका फोनने! पण नाही. हा कपाटात शिरणार, ती पडद्यामागे लपणार, आणि सासरा नेमका तेव्हाच टपकणार."

"मग हसलात की नाही?" जोडीदारीण चादर ताणत विचारायची.

"हसले ना. कपाटाचं दार लावलं आणि त्याचा एक बूट बाहेरच राहिला, तेव्हा हसले."

जाड्या माणसाला पाडून हसू काढणाऱ्यांवर तिचा राग होता. शेवटी सगळे मिळून घरभर पीठ उधळतात, पण ते पुसतं कोण हे कधीच दाखवत नाहीत, ही तिची जुनी तक्रार. एकदा पलंगाखाली नायक लपला तर हिचं लक्ष वरच्या चादरीकडे. "घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या हो. आणि म्हणे दहा वर्षांचा संसार!"

त्या वर्षी माणसं कमी आणि काम दुप्पट होतं, तरी एकाही वॉर्डाची चादर अडली नाही. म्हणून कर्मचाऱ्यांच्या सोयी बघणारे साहेब खाली आले आणि म्हणाले, पुढच्या गुरुवारी सकाळची पाळी संपली की धुलाईघराच्या बावीसही जणींना सिनेमा. कोणता ते तुम्हीच ठरवा. एकवीस जणींनी हिच्याकडे बघितलं.

मत ठोकून द्यायला काय लागतं? पण बावीस जणींची दुपार अंगावर घ्यायची म्हणजे जबाबदारी. दोन मोठ्या आवाजाचे सिनेमे तिने बाद केले. एकात बायकोची टिंगल फार होती, तोही गेला. शेवटी राहिला एक साधासा. दोन साडू एक न चालणारी गाडी विकायला काढतात. गिऱ्हाईक आत बसवून दोघं मागून ढकलतात. गिऱ्हाइकाला गाडीपेक्षा त्यांचं घर आवडतं आणि ते तिथेच मुक्काम ठोकतं.

पहाटे पाचला रोलर तापवलेल्या बायका दुपारी अडीचला त्या गार हॉलमधल्या मऊ खुर्च्यांत जाऊन बसल्या. पहिल्याच ढकलाढकलीला सगळ्या खळखळून हसल्या. तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या विनोदाला हसू कमी आलं. तिसऱ्याला आलंच नाही.

'चुकलंच आपलं,' तिच्या मनात आलं. तेवढ्यात जोडीदारणीचं डोकं तिच्या खांद्यावर येऊन पडलं. तोंड उघडं, श्वास लांब. तिने हळूच पुढे वाकून बघितलं. सगळी रांग कलंडलेली. मुकादमबाई तर हातातली पिशवी छातीशी धरून घोरत होत्या.

आधी तिला रागच आला. आठवडाभर डोकं शिणवलं ते ह्यासाठी? मग पडद्यावर एकदम उजेड झाला आणि तो त्या सगळ्यांच्या तोंडांवर पडला. रोज वाफेपलीकडे दिसणारी ही तोंडं इतकी ओढलेली असतील असं तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिकडे गाडी उतारावर सुटली होती आणि मागे राहिलेला धाकटा साडू ओरडत होता, "अहो, चालते की!" तिला हसू आवरेना. कुणाची झोप मोडायला नको म्हणून तिने तोंडात रुमाल कोंबला. खांदा बधिर झाला, तरी ती हलली नाही.

दिवे लागले तशा सगळ्या दचकून उठल्या, केस सारखे करायला लागल्या. "मस्त होता हं," मुकादमबाई म्हणाल्या.

दारात साहेब वही घेऊन उभे. "काय, हसलात का सगळ्या?"

मुकादमबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"पोटभर, साहेब," ती म्हणाली. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

शुक्रवारी तिसऱ्या चादरीला जोडीदारणीने आवाज खाली आणून विचारलं, "अहो ताई, गाडी विकली का हो शेवटी?"

"तुम्हाला कुठपर्यंत आठवतंय?"

"तो पाहुणा बॅग घेऊन आत आला ना, तिथपर्यंत."

पलीकडची म्हणाली, आपलं तर त्याआधीच संपलं. तिसरीला फक्त ढकलाढकली आठवत होती. मुकादमबाई ओरडायला आल्या आणि रोलरला टेकून ऐकत राहिल्या.

मग तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, हात चालू ठेवून, रोलरच्या आवाजावर आवाज चढवत. मधेच कुणीतरी बाथरूमला जाऊन यायची, तिच्यासाठी तेवढं पुन्हा सांगावं लागायचं. शनिवारी दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि गाडी अजून विकली जायची होती.