तांदळात लिहिलेलं नाव

“आजी, नावानं हाक मारा तिला. घरच्या आवाजाला ओ देते का बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी हाक मारली. सुनेचे डोळे मिटलेलेच. आठवा महिना चालू होता. सकाळी शिराळ्याजवळ आमच्या गावात तिला झटके आले, तोंडाला फेस आला. दुपारी सांगलीच्या दवाखान्यात पोट कापून मुलगी काढली. मुलगी काचेच्या पेटीत आणि ही शुद्धीवर येईना. मी पुन्हा हाक मारली, शेतातून मारतात तशी.

“हे सासरचं नाव आहे का?” नर्सनं विचारलं.

“व्हय. आमी ठेवलेलं.”

“मग माहेरच्या नावानं बोलवा की.”

मला ते येईना. विसरले म्हणणंही खोटं होईल. मी ते कधी तोंडात धरलंच नव्हतं. आधार कार्डावरसुद्धा आमचंच नाव करून घेतलं होतं. मुलगा फौजेत, वर सीमेवर. त्याचा फोन लागत नव्हता.

ती आसामची. मुलगा तिकडं ड्युटीला असताना जमलं. गावाकडं आम्ही पुन्हा मांडव घातला आणि ताटात तांदूळ पसरून मी म्हटलं, “लिही अंगठीनं.” मुलगा कानाशी आला. “आई, त्यांच्यात बायका नाव बदलत न्हाईत.”

“त्यांच्यात तिकडं. हितं मांडव कुणाचा हाय?”

बायका हसल्या. त्यानं लिहिलं. ती ताटाकडं बघत राहिली. माझंही नाव लग्नात असंच बदललं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

पुढं ती मला ‘मा’ म्हणायला लागली. तेही मी मोडलं. “सासूला आत्या म्हणत्यात.”

तिनं मराठी जुळवत विचारलं, “आत्या म्हणजे बाबांची बहीण ना?”

“व्हय.”

“मग तुम्ही माझ्या बाबांची बहीण कशी?”

“आमच्यात भावाची पोरगी सून करून आणत्यात. म्हणून आत्या.”

“अरे बापरे! आमच्याकडे तर ते भाऊ-बहीण!”

“मग तुझा न्हवरा तुझा भाऊच म्हण की,” असं मी म्हटलं आणि ती तोंडावर पदर धरून हसली. त्या दिवसापासून मला आत्या म्हणू लागली. एवढ्या लवकर ऐकलं, म्हणून तिला काही वाटलं नसेल असं मी धरून चालले. माझ्या सोयीचं होतं ते.

दिवे लागायच्या वेळेला पिशवीत तिचा फोन वाजला. तिची आई रोज त्याच वेळेला फोन करायची. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. मी नुसतं “दवाखाना, दवाखाना” म्हणत राहिले. नर्सनं माझ्या हातातून फोन घेतला, हिंदीत दोन शब्द सांगितले आणि सुनेच्या कानाला लावला.

तिची आई तिकडून ओरडत होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. ते नाव होतं. दोन अक्षरांचं, एवढंसं. असलं नाव आमच्या तोंडात बसत नाही, असं मी मांडवात सगळ्यांना सांगितलं होतं.

पापणी हलली. मग हाताची बोटं. नावानं शुद्ध आली, असं मी म्हणत नाही. इंजेक्शनं चालू होती, त्यानं आली असेल. पण माझ्या हाकेला आली नाही, हे मी उभी राहून बघितलं.

आता मी तिला त्याच नावानं हाक मारते. नीट जमत नाही. ती दुरुस्त करत नाही, “काय आत्या?” म्हणून येते. मनात काय आहे ते मी विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही.

सून वाचली. तिची मुलगी वाचली नाही.